झोंबी कॉमेडीचे रिव्ह्यू कसे वाचायचे आणि तिकिटाचे पैसे कसे वाचवायचे

तर प्रॉब्लेम असा आहे की हॉरर कॉमेडी, त्यातही झोंबीवाली (म्हणजे मेलेली माणसं उठून जिवंतांना चावत सुटतात तसली), आली की एकाच सकाळी एक जण तिला चार स्टार देतो आणि दुसरा दीड, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. नुसत्या विनोदी सिनेमाचं एवढं होत नाही, कारण हसू आलं का नाही एवढाच प्रश्न असतो. नुसत्या भुताच्या पिक्चरचंही नाही. इथे मात्र एकाच पोराला दोन पेपर द्यायचे असतात, हसवायचं पण आणि घाबरवायचं पण, आणि रिव्ह्यू लिहिणारा बहुतेक वेळा यातल्या एकाच विषयाचा मास्तर असतो. म्हणून मी हळूहळू एक पद्धत बसवलीय, घरचे किंवा मित्र 'कुठला लावू रे' म्हणून विचारतात तेव्हा तीच वापरतो, दर वेळी चालते असं नाही पण दहा मिनिटांत बऱ्यापैकी अंदाज येतो.

सर्च करतानाच एक गंमत होऊ शकते. मराठीत नुसतं 'झोंबी' टाकलंत तर आनंद यादवांची कादंबरी समोर येणार, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, आणि तिच्यातली झोंबी म्हणजे शाळा शिकायला मिळावी म्हणून एका पोराची घरादाराशी चाललेली झटापट. (वाचली नसेल तर वाचाच, पण शुक्रवारी रात्री जेवताना नको.) आपल्याला हवंय ते मिळायला सिनेमाचं पूर्ण नाव आणि साल टाका. आणि परदेशी सिनेमा असेल तर दुसरं नाव आहे का तेही बघा, पीटर जॅक्सननं लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या कितीतरी आधी, १९९२ साली, न्यूझीलंडमध्ये केलेला 'ब्रेनडेड' अमेरिकेत 'डेड अलाइव्ह' म्हणून लागला, एकच नाव शोधलं तर अर्धी चर्चा हातातून जाते.

आता आकडे. आकड्याकडे बघूच नका असं मी म्हणणार नाही, सगळेच बघतात, पण तो कसला आकडा आहे ते आधी समजून घ्या. रॉटन टोमॅटोज या समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या साइटवरचा टक्का म्हणजे शाळेचा दहावीचा निकाल. शाळेचा निकाल १०० टक्के लागला म्हणजे सगळ्या पोरांना शंभरपैकी शंभर पडले असं कुणी समजत नाही ना, सगळे पास झाले एवढंच, त्यात काठावर पास झालेलेही आले. तसंच तिथे किती समीक्षकांना सिनेमा एकूण आवडला त्याचा टक्का असतो, सगळ्यांनी 'ठीक आहे, बरा आहे' म्हटलं तरी १०० लागू शकतो. साठ टक्के झाले की टोमॅटो लाल, म्हणजे पास. मेटाक्रिटिक ही तसलीच दुसरी साइट, तिचा आकडा म्हणजे वर्गाची सरासरी, तीही काही मास्तरांचे मार्क जास्त धरून काढलेली. दोन्ही शेजारी ठेवा. 'शॉन ऑफ द डेड' (२००४, एडगर राइट) पहिल्या ठिकाणी नव्वदीच्या पुढे आणि दुसऱ्या ठिकाणी ७६, म्हणजे जवळपास सगळ्यांना आवडला आणि बऱ्याच जणांना चांगलाच आवडला.

पण मला जास्त उपयोग होतो तो पन्नाशीतल्या आकड्याचा. जिम जार्मुशचा 'द डेड डोन्ट डाय' घ्या, २०१९ ला कान महोत्सवाची सुरुवात याच सिनेमानं झाली, बिल मरे, अ‍ॅडम ड्रायव्हर, टिल्डा स्विंटन, नावं बघून माणूस डोळे झाकून तिकीट काढेल. दोन्हीकडचा आकडा पन्नाशीत. आता याचा अर्थ सिनेमा मध्यम आहे असा नाही, अर्ध्या वर्गाला तो जमला आणि अर्ध्याला अजिबात नाही असा आहे. पात्रं चेहऱ्यावरची माशीही न हलवता बोलतात, मढी चालून येतायत तरी कुणाला घाई नाही, ज्याला तो कोरडेपणा आवडतो तो खुदखुदत राहतो आणि ज्याला गोष्ट पुढे सरकायला हवी असते तो मोबाइल काढतो. तुम्ही यातले कोण ते तुम्हालाच माहीत, समीक्षकाला नाही. म्हणून आकडा ऐंशीच्या वर असेल तर सरळ बघा, तिशीच्या खाली असेल तर सोडा, आणि मधला असेल तर खरं वाचन तिथून सुरू होतं.

वाचन म्हणजे काय करायचं, तर कौतुक सोडून द्या आणि तक्रार शोधा. हे माझं सगळ्यात आवडतं तंत्र आहे. कौतुक सगळीकडे सारखंच असतं, धमाल, भन्नाट, खुर्चीला खिळवून ठेवतो वगैरे. तक्रार करताना मात्र माणसाला कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की तो सापडतो, म्हणजे सिनेमापण सापडतो आणि समीक्षकाची आवडपण. समजा कुणी लिहिलं 'शेवटच्या अर्ध्या तासात सिनेमा उगाच गंभीर होतो'. 'शॉन'च्या बाबतीत ही तक्रार दिसली तर ती माझ्या दृष्टीनं जाहिरात आहे, कारण तिथे पबमध्ये अडकल्यावर शॉनच्या आईचं जे होतं ते बघताना हसू थांबतं आणि घशात काहीतरी येतं, आणि तेच तर त्या सिनेमाचं बळ आहे, पहिल्या तासात जोक मारता मारता ती माणसं आपल्या ओळखीची झालेली असतात. उलट कुणी लिहिलं 'झोंबी आहेत पण भीती कुठेच नाही, नुसता दंगा', तर मी पोरांना घेऊन जायला तयार, एकटा मात्र जाणार नाही.

तक्रारीवरनं समीक्षक ओळखायची एक सोपी युक्ती आहे, तो झोंबींच्या नियमांबद्दल बोलतोय का ते बघा. हळू चालतात का पळतात, चावल्यावर किती वेळानं बदलतात, डोक्यात घाव घातल्याशिवाय मरत नाहीत, हे असलं ज्याला महत्त्वाचं वाटतं तो भीतीच्या गल्लीतला माणूस. त्याला विनोदी झोंबी सिनेमा आवडला असेल तर ते वजनदार सर्टिफिकेट. जॉर्ज रोमेरो, ज्यानं १९६८ मध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढून हा सगळा प्रकार आजच्या रूपात आणला, त्याला 'शॉन' इतका आवडला की त्यानं आपल्या २००५ च्या 'लँड ऑफ द डेड'मध्ये दिग्दर्शक राइट आणि शॉन झालेला सायमन पेग दोघांना झोंबी म्हणून उभं केलं. ज्याच्या घराण्याची नक्कल केली त्या बुवांनीच मैफलीत शेजारी बसवून घ्यावं, यापेक्षा चांगला रिव्ह्यू कुठला असणार.

आता मराठी रिव्ह्यू. यांची एक वेगळीच भाषा आहे आणि ती शिकल्याशिवाय काहीही कळत नाही. आपल्याकडे मराठी सिनेमाला सरळ वाईट म्हणायला लोकांच्या जिवावर येतं, आधीच थिएटर मिळत नाही, शो मिळतो तो दुपारी साडेबाराचा, त्यात आपण कशाला पाय ओढायचे, ही भावना चांगलीच आहे पण तिकीट काढणाऱ्याची पंचाईत होते. तर 'वेगळा प्रयत्न' असं लिहिलेलं दिसलं की समजायचं लेखकाला सिनेमा आवडलेला नाही पण दिग्दर्शक आवडतो. 'कौतुकास्पद धाडस' म्हणजे बजेट कमी होतं आणि ते दिसतं. 'उत्तरार्धात थोडा रेंगाळतो', यातला थोडा हा शब्द काढून वाचायचा. 'तांत्रिक बाजू उत्तम' हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात आलं तर पटकथेबद्दल बोलायला काही नाही. 'सहकुटुंब बघण्यासारखा' असेल तर रक्त कमी. आणि 'डोकं घरी ठेवून जा' हे तर झोंबी सिनेमाच्या रिव्ह्यूत कुणी लिहूच नये, समोरच्या पडद्यावरच्या मंडळींचा तोच खुराक आहे.

हे सगळं वापरून बघायला आपल्याकडे चांगलं उदाहरण आहे, 'झोंबिवली'. आदित्य सरपोतदारचा, २६ जानेवारी २०२२ ला आला, अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी. मराठीतला पहिला झोंबीपट म्हणून त्याच्याबद्दल बोललं गेलं, आणि इथेच सावध व्हायचं, कारण 'पहिला' हा शब्द आला की समीक्षक अर्धे मार्क हजेरीचेच देऊन टाकतो. 'गो गोवा गॉन' (२०१३, राज आणि डीके) च्या वेळीही हिंदीत तेच झालं होतं, भारतातली पहिली झोंबी कॉमेडी, त्यात सैफ अली खान केस सोनेरी करून रशियन माफिया बनलेला, त्यामुळे सुरुवात त्या नवलाईपासूनच. नवलाई पहिल्या आठवड्यात लागू पडते, आज घरी बसून बघताना ती शिल्लक नसते, तेव्हा पहिला-बिहिला भाग बाजूला काढून उरलेला रिव्ह्यू वाचा. उरलं काही तर सिनेमा बघा.

'झोंबिवली'त दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे लिहिणारा कुठे राहतो. हसू नका, सीरियसली सांगतोय. गोष्ट आहे डोंबिवलीतल्या टॉवरवाल्या सोसायटीची आणि शेजारच्या वस्तीची आणि दोघांच्या मध्ये असलेल्या पाण्याची. बाहेरच्या माणसाला वाटेल की पाण्यातनं झोंबी हे जरा ओढूनताणून आहे, सामाजिक संदेश घुसडलाय. पण ज्या डोंबिवलीत २०१४ ला हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला खुद्द मुख्यमंत्री येऊन गेले, तिथल्या माणसाला पाण्यात काहीतरी असणं हा जोक वाटतच नाही, ती त्याची मंगळवारची सकाळ आहे. त्यात सकाळची फास्ट लोकल, दारात लटकणारी, एकमेकांच्या अंगावर पडत डोळे अर्धे मिटून पुढे सरकणारी गर्दी. आमच्या आत्याला, ती तीस वर्षं डोंबिवलीहून सीएसएमटीला जायची, झोंबी म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो तर ती म्हणाली अरे हे तर आमचे आठ वाजताचे. तिला मेकअपचंही कौतुक वाटलं नाही. तर असा सिनेमा एखाद्या गावाच्या नावावर, सवयींवर उभा असेल तर त्या गावच्या माणसाचा एक रिव्ह्यू आणि बाहेरच्याचा एक, असे दोन वाचायचेच.

परदेशी सिनेमालाही हेच लागू. क्यूबाचा 'हुआन दे लॉस मुएर्तोस' (२०११) बघा, हवानात झोंबी फिरतायत आणि सरकारी टीव्हीवर सांगतायत की हे अमेरिकेनं पैसे दिलेले बंडखोर आहेत. तिथल्या राजकारणाची दोन पानं वाचलेल्या समीक्षकानं लिहिलेलं आणि न वाचलेल्यानं लिहिलेलं, दोन वेगळ्या सिनेमांबद्दल आहे असं वाटेल. त्या सिनेमाला स्पेनचा गोया पुरस्कारही मिळाला, स्पॅनिश भाषेतल्या परदेशी सिनेमांच्या गटात. अशा वेळी 'जोक कळले नाहीत' म्हणणाऱ्याला दोष देऊ नका, पण त्याचे स्टारही मोजू नका.

तिसरी गोष्ट साल आणि खोली. खोली म्हणजे रिव्ह्यू लिहिणारा कुठे, कुणाबरोबर बसून बघत होता. हसू आणि किंकाळी दोन्ही लागण होणाऱ्या गोष्टी आहेत, झोंबीसारख्याच, एकाला झाली की शेजाऱ्याला होते. सकाळी दहा वाजता प्रेस शोला पंचवीस माणसं अंतर ठेवून बसलेली, प्रत्येक जण मनात वाक्य जुळवतोय, तिथे काय हसू येणार. 'झोंबिवली' आला तेव्हा तर महाराष्ट्रात थिएटरं निम्म्याच क्षमतेनं चालू होती, दर एका खुर्चीआड एक खुर्ची रिकामी, मास्क लावलेले, आणि पडद्यावर साथ पसरतेय. त्या दिवसांत लिहिलेलं 'हास्याची लाट येत नाही' हे वाक्य मी आज तरी फार मनावर घेणार नाही. शिवाय त्याच सरपोतदारचा 'मुंज्या' २०२४ ला हिंदीत येऊन तुफान चालला, त्यानंतर मागे वळून लिहिलेलं सगळं त्या यशाच्या उजेडात लिहिलेलं आहे, तेव्हा तारीख बघा म्हणजे बघाच.

खोलीचं सगळ्यात भारी उदाहरण मात्र रोमेरोच्याच सिनेमाचं. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' ऑक्टोबर १९६८ ला लागला, आणि अमेरिकेत वयोगटाची सर्टिफिकेटं सुरू झाली १ नोव्हेंबर १९६८ ला. म्हणजे मॅटिनीला शाळकरी पोरं आरामात आत. रॉजर ईबर्ट या अमेरिकन समीक्षकानं जानेवारी १९६९ मध्ये जे लिहिलं त्यात सिनेमापेक्षा त्या पोरांबद्दलच जास्त आहे, आधी मजेत किंचाळणारी पोरं हळूहळू गप्प कशी झाली, एक लहान मुलगी बसल्या जागी कशी रडत होती. आता हा रिव्ह्यू सिनेमाविरुद्ध म्हणायचा का बाजूनं? वाचून मला तर वाटलं की हा पिक्चर जबरदस्त असणार. सिनेमा १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत गेला, म्हणजे देशानं जपून ठेवायच्या यादीत. 'ब्रेनडेड'चीही तीच कथा, आला तेव्हा धंदा झाला नाही आणि आता लॉनमोअरचा, म्हणजे गवत कापायच्या मशीननं झोंबी चिरायचा, तो सीन माहीत नसलेला हॉररवाला भेटायचा नाही. थोडक्यात जुन्या झोंबी कॉमेडीचा पहिल्या आठवड्यातला एक रिव्ह्यू आणि दहा वर्षांनंतरचा एक वाचा, दुसऱ्यात पहिल्याची तक्रार गायब झाली असेल तर समजा सिनेमा टिकला.

प्रेक्षकांच्या रेटिंगबद्दल फार बोलत नाही. पहिल्या दिवशी फॅन आणि नातेवाईक, तिसऱ्या दिवशी चिडलेले, सोमवारनंतरचं जरा खरं.

आता स्पॉयलर, म्हणजे गोष्टीतलं गुपित आधीच फोडणं, आणि इथे माझी पद्धत उलटी होते. जपानचा 'वन कट ऑफ द डेड' (शिनइचिरो उएदा, २०१७). मूळ जपानी नावाचा अर्थ 'कॅमेरा थांबवू नका!'. अ‍ॅक्टिंग वर्कशॉपमधली अनोळखी मंडळी घेऊन साधारण तीस लाख येनमध्ये केलेला, आधी टोकियोत छोट्या थिएटरात सहा दिवस, मग २०१८ च्या एप्रिलमध्ये इटलीत उदिने महोत्सवात लोकांनी डोक्यावर घेतला, मग जूनमध्ये टोकियोतली दोन थिएटरं, आणि तिथून वाढत वाढत कमाई तीनशे कोटी येनच्या पुढे. खर्चाच्या हजार पट. फ्रेंचांनी त्याचा रिमेक केला आणि २०२२ चा कान महोत्सव त्यानंच सुरू झाला. आणि हा सगळा सिनेमा असा आहे की त्याबद्दल काही सांगितलं की वाट लागली. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट आहे आणि खरं सांगायचं तर ती जरा टुकारच वाटतात, कलाकार मध्येच अडखळतात, कॅमेरा भलतीकडे बघत बसतो, उगाच लांबलेली शांतता. तक्रार शोधा असं मी वर म्हटलं, इथे ज्या तक्रारी सापडतील त्या अर्धवट उठून गेलेल्यांच्या असतील. मग ओळखायचं कसं? तर कौतुक भरपूर आणि कथानक एक ओळ, असा रिव्ह्यू दिसला, वरनं 'काही वाचू नका, फक्त बघा' अशी विनवणी, तर तिथल्या तिथे वाचन बंद करा, ट्रेलरपण नको. चांगला समीक्षक गप्प बसलाय म्हणजे तो काहीतरी जपतोय.

घरच्यांबरोबर बघायचं असेल तर स्टार आणि टक्के दोन्ही निरुपयोगी, सर्टिफिकेट बघा. नोव्हेंबर २०२४ पासून आपल्याकडे यूए मध्ये ७, १३ आणि १६ असे टप्पे झालेत, ते बरं झालं. 'गो गोवा गॉन'ला ए होतं, आणि त्यातलं हसू पण ए आहे, आईबाबांशेजारी बसून बघितला तर भीती झोंब्यांची वाटणार नाही. रक्ताबद्दल आणखी एक, मराठी रिव्ह्यूत 'काही दृश्यं विचलित करणारी' एवढंच असतं, ती आतडी बाहेर येणारी विचलित आहेत का नुसतं हिरवं तोंड ते कळत नाही. त्यासाठी इंग्रजी रिव्ह्यू वाचायचा, ते लोक आतड्यांचा हिशोब नीट देतात.

एवढं करून दहा मिनिटं होतात. आधी आकडा आणि साल, मग एक नावडलेला रिव्ह्यू पूर्ण, एक आवडलेला अर्धा, गावचा असेल तर एक, आणि मग जेवण वाढून घ्या, पण ओलं, लाल, रश्शाचं काही नको. आणि 'वन कट' लावलात तर ३७ मिनिटं होईपर्यंत रिमोट स्वतःकडे ठेवा. आमच्याकडे काकांनी विसाव्या मिनिटाला मॅच लावली होती, अजून त्यांना वाटतं मी कुठलातरी कॉलेजच्या पोरांचा व्हिडिओ दाखवत होतो.